फणसाला जॅक कोणी लावला?

मंडळी, या वीकांताला एका शब्दाच्या मागे लागलो होतो. शब्द अगदी साधा, रोजचा: जॅक.

गाडी पंक्चर झाली की डिकीतून बाहेर येतो तो जॅक. गाणी ऐकायला पिन खुपसतो तो हेडफोनचा जॅक. हापिसात टेबलाखाली वाकून नेटवर्कची वायर ज्यात बसवतो तोही जॅकच. पत्त्यात राणीच्या खालचा जॅक, ज्याला घरी आपण गुलाम म्हणतो. टायटॅनिकमधे बुडाला तो जॅक. आणि कोणाला अचानक बढती मिळाली की कँटीनमधे कुजबुज होते, "अरे, त्याचा वरपर्यंत जॅक आहे!" हा शेवटचा अर्थ इंग्रजांना ठाऊक नाही बरं का. ती खास आपली भर. :-)

आणि या सगळ्यांत बसलेला एक काटेरी पाहुणा: जॅकफ्रूट. म्हणजे फणस.

माझं मूळ गाव वालावल. कुडाळ तालुका, कर्ली नदीचा काठ, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून तळं. तिथे फणस ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. मे-जूनमधे तो पायात येतो. मागे एकदा घरी काकीला म्हटलं, इंग्रजीत याला जॅकफ्रूट म्हणतात. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "फणसाक जॅक कित्याक म्हणतत रे? जॅक तर गाडयेक लावतत मा?"

प्रश्न बिनतोड होता. गाडीचा जॅक आणि फणसाचा जॅक यांचा काय संबंध? आपल्या भाषेत बोलायचं तर हा एकच व्हेरिएबल पुन्हा पुन्हा वापरलाय, की दोन वेगळ्या गोष्टींना चुकून एकच नाव पडलंय? उत्तर शोधता शोधता बराच लांबचा प्रवास झाला.

आधी गाडीचा जॅक

जॅक हे मुळात माणसाचं नाव. जॉनचं लाडकं रूप. जॉनचं जँकिन, जँकिनचं जॅक, अशी साखळी अभ्यासक सांगतात. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो तसंच. मध्ययुगीन इंग्लंडात जॉन इतके झाले की जॅक म्हणजे "कोणीही एक सामान्य माणूस" असा अर्थ झाला. आणि सामान्य माणूस म्हणजे कष्टकरी. लाकडं तोडणारा तो लंबरजॅक, उंच मनोऱ्यांवर चढून डागडुजी करणारा स्टीपलजॅक, जहाजावरचा खलाशी जॅक टार. सगळी कामं थोडी थोडी येणारा जॅक ऑफ ऑल ट्रेड्स तर आपल्या प्रत्येक टीममधे एक असतोच.

फ्रान्समधेही असाच प्रकार. तिथलं नाव जाक, पण ते जॉनवरून नाही, जेकबवरून आलेलं. तिथले सरदार शेतकऱ्यांना तुच्छतेने "जाक" म्हणायचे. १३५८ मधे त्या शेतकऱ्यांनी बंड केलं, त्या बंडाचं नावच "जाकरी" पडलं. आपण घालतो ते जॅकेटही बहुधा याच जाकच्या अंगावरून आलेलं. कष्टकऱ्याचा आखूड डगला.

पुढची पायरी मजेशीर आहे. नोकर पोरगा जे काम करायचा, ते करणारं यंत्र आलं की यंत्रालाही तेच नाव मिळालं. मोठ्या घरांत शेगडीवर मांस भाजायला सळई फिरवत एक पोरगा बसलेला असे. मग वजनावर चालणारं फिरतं यंत्र निघालं, ते झालं जॅक. बूट ओढून काढायला नोकर लागायचा, त्याच्या जागी खाच असलेली फळी आली, ती बूटजॅक. जड वस्तू खालून उचलून धरणारा तोही जॅक. म्हणजे ऑटोमेशनमुळे नोकरी गेली, पण नाव मागे राहिलं. आयटीवाल्यांनी यावर थोडा विचार करावा!

लहान आकारालाही जॅक लागू लागला. युनियन जॅक या झेंड्यातला जॅक म्हणजे जहाजाच्या नाळेवर लावायचा छोटा झेंडा.

आमचा गुलाम बरोबर होता

पत्त्यांतल्या या पानाचं जुनं इंग्रजी नाव "नेव्ह". आज नेव्ह म्हणजे लबाड, पण मूळ अर्थ मुलगा आणि मग नोकर पोरगा. जॅक हे त्याच पानाचं गावंढळ नाव समजलं जायचं. डिकन्सच्या "ग्रेट एक्स्पेक्टेशन्स"मधे (१८६०-६१) श्रीमंत घरातली एस्टेला गरीब पिपला याच गोष्टीवरून हसते: हा पोरगा नेव्हला जॅक म्हणतो! एका शब्दावरून माणसाची जात (म्हणजे तिथला वर्ग) कळायची.

पण शेवटी जिंकला तो गावंढळ शब्दच, आणि कारण निव्वळ तांत्रिक. त्याच सुमारास अमेरिकेत पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला सुरुवात झाली. किंगचं अक्षर के आणि नेव्हचीही सुरुवात के-एनने. हातात पंखा धरला की घोळ. म्हणून जे छापायला लागले. युजर इंटरफेसच्या अडचणीने शब्दाचं भाग्य ठरवलं.

आपण मराठीत त्याला गुलाम म्हणतो, ते किती नेमकं आहे बघा. नेव्ह काय, जॅक काय, दोघेही हुकुमाचे ताबेदार.

इथे सिंधुदुर्गाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. वालावलपासून फार दूर नाही अशा सावंतवाडीत गंजिफा बनतात. गोल, हाताने रंगवलेले, लाखेची चकाकी असलेले पत्ते. त्यातल्या दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात १२ पानं, एकूण १२०. आणि दरबारी पानं फक्त दोन, राजा आणि प्रधान. राणी नाही, गुलामही नाही! राजाच्या खाली थेट प्रधान. एकाच खेळाच्या दोन परंपरा, पण राजाच्या पुढ्यात कोण उभं राहतं याचं उत्तर वेगळं.

पिन खुपसायचा जॅक

१८७८ मधे अमेरिकेत न्यू हेवनला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं आणि लवकरच सगळीकडे तसली एक्स्चेंजं निघाली. ऑपरेटर एका गिऱ्हाइकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खुपसून जोडून द्यायचे. शिकागोतल्या चार्ल्स स्क्रिब्नर यांनी त्यासाठी जो स्विच बनवला त्याची स्प्रिंगची पट्टी मिटणाऱ्या चाकूसारखी दिसायची. अशा चाकूला म्हणतात जॅक-नाइफ. म्हणून तो जॅक-नाइफ स्विच, आणि पुढे नुसता जॅक. हेडफोनचा जॅक हा त्याच टेलिफोनच्या भोकाचा पणतू. २०१६ मधे आयफोन ७ मधून तो काढून टाकला तेव्हा केवढी ओरड झाली होती ते आठवत असेलच.

नेटवर्कच्या वायरीला आपण आरजे-४५ म्हणतो, त्यातला "आरजे" म्हणजे रजिस्टर्ड जॅक. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोनच्या जोडण्यांना असे क्रमांक मिळाले. काटेकोर बोलायचं तर आपल्या हापिसातली ती पिन खरी आरजे-४५ नव्हेच, दिसायला तशी आहे म्हणून नाव चिकटलं. असो. हा वाद सिस्टम अॅडमिनसमोर काढू नका, जेवण थंड होईल.

इथवरचे सगळे जॅक एकाच कुटुंबातले. माणूस, नोकर, यंत्र, चाकू, भोक. एकातून दुसरा निघालेला.

कुटुंबाबाहेरचे दोघे

मग येतो जॅकल. कोल्ह्याचा भाऊबंद. नावात जॅक आहे, पण जॉनशी याचं काही देणंघेणं नाही. तुर्की "चकाल", त्यामागे फारसी "शगाल", आणि त्याचं नातं आपल्या संस्कृत "शृगाला"शी. पंचतंत्रातला कोल्हा इराण-तुर्कस्तान करत इंग्लंडात पोचला आणि तिथे जॅकचा सदरा घालून बसला.

फणसाचंही तसंच. इंटरनेटवर एक गोष्ट फिरते, की विल्यम जॅक नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून जॅकफ्रूट नाव पडलं. हा माणूस खरोखर होऊन गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, बंगाल आणि सुमात्रात त्याने काम केलं. पण त्याचा जन्म १७९५ चा. आणि शिवाजी महाराजांच्या काळात हिंदुस्थानात आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर, जो १६७३ मधे मद्रासला उतरला आणि पुढे जुन्नरलाही जाऊन आला, त्याने आपल्या प्रवासवर्णनात हे फळ "जॉक" म्हणून नोंदलंय. साळिंदरासारखं चिलखत घातलेलं फळ, असं काहीसं त्याचं वर्णन आहे. शंभर-सव्वाशे वर्षं नंतर जन्मलेल्या माणसावरून नाव कसं पडेल? टाइमस्टँप बघितला की बरेच बग आपोआप सुटतात.

खरं मूळ आहे मल्याळम "चक्का". चक्काचं पोर्तुगीजांनी केलं "जाका", आणि जाकाचं इंग्रजांनी केलं जॅक, कारण त्यांच्या तोंडात तो शब्द आधीपासून बसलेला होता. म्हणजे काकीची शंका रास्त होती. गाडीचा जॅक आणि फणसाचा जॅक यांचा काडीचा संबंध नाही.

मग फणस का नाही?

मला खरा प्रश्न पडला तो इथे. फणस तर अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर होता. संस्कृतात पनस, तेलुगूत पनस, आपल्याकडे फणस, कोंकणीत पणस. बंगालीत कांठाल, हिंदीत कटहल. इतकी नावं हजर असताना जगाने केरळचंच का उचललं?

पहिलं उत्तर सुचतं ते सरळ आहे. वास्को द गामा १४९८ मधे कालिकतला आला, गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० मधे. जो किनारा आधी भेटला तिथला शब्द तोंडात बसला.

पण गोष्ट त्याहून जुनी आहे. १३२० च्या दशकात जॉर्डनस नावाचा एक युरोपियन पाद्री आपल्या ठाण्यात राहिला होता. पुढे तो कोल्लमचा बिशप झाला. हिंदुस्थानातल्या नवलांवर त्याने जे लिहिलं त्यात हे फळ "चाकी" म्हणून येतं. ठाण्याचं पाणी प्यायलेला माणूस, पण शब्द केरळचा. त्याच शतकात आलेला इब्न बतूता दोन नावं देतो: "शकी" आणि "बरकी". झाडाच्या खालच्या अंगाला, जमिनीजवळ लागणारी ती बरकी, जास्त गोड. वर लागणारी ती शकी. शकी म्हणजे चक्का हे उघड आहे. पण "बरकी" वाचल्यावर कोकणी माणसाचे कान टवकारतातच, कारण आपल्याकडे बरका फणस असतो! गंमत म्हणजे केरळात घट्ट गऱ्याच्या फणसाला "वरिक्क" म्हणतात आणि आपल्याकडे बरका म्हणजे नेमका उलटा, मऊ, गिळगिळीत. नाव तेच वाटावं, किंमत उलटी. असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूत परत येईल.

तर या सगळ्या मंडळींना केरळात खेचत कोण होतं? मिरी. अरब, युरोपियन, चिनी, सगळ्यांची गलबतं मलबारला लागायची ती काळ्या मिऱ्यांसाठी. बाजार जिथे, दुभाषे तिथे, आणि दुभाषे जिथले, शब्द तिथले. आंब्याला मँगो म्हणतात तेही दक्षिणेकडच्या "मांगा"वरून. काथ्याला कॉयर म्हणतात ते "कयर"वरून, खोबऱ्याला कोप्रा ते "कोप्परा"वरून. हे सगळं आमच्या वालावलच्या परसातही होतं हो! पण परसात असून चालत नाही, बाजारात असावं लागतं. आपल्या कँटीनच्या भाषेत सांगायचं तर चक्काला मिऱ्यांचा जॅक होता. फणसाला कोणाचाच नव्हता.

फणसाचं नाव साहेबांपर्यंत पोचलंच नाही असंही नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याच्याकडे मुंबई बेटाचा पट्टाही होता. १५६३ मधे त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापून निघालं. ते संवादांच्या रूपात आहे. त्यात पाहुणा विचारतो, हे भलंमोठं फळ कुठलं? ओर्ता उत्तर देतो, मलबारात याला जाका म्हणतात, इथल्या लोकांच्या भाषेत आणि गुजरातीत पणस. आठळ्या भाजल्या की चेस्टनटसारख्या लागतात हे आहे, पचायला जड हेही आहे. म्हणजे दोन्ही नावं एकाच पानावर, एकाच वाक्यात, तीही गोव्यात बसून! पण पुढच्यांनी उचललं ते पहिलं. (बिचाऱ्या ओर्ताचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ मधे वारला, आणि १५८० मधे इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.)

शंभर वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने "होर्तुस मलाबारिकुस" हा १२ खंडांचा ग्रंथ करवला (१६७८ ते १६९३). त्यात मदत करणाऱ्यांमधे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलंय. पण फणसाच्या चित्रावरचं ठळक नाव कोणतं? "त्स्याका-मारम". पुन्हा चक्काच.

आणि याच पोर्तुगीज गलबतांनी उलटी फेरीही केली. ब्राझीलच्या तुपी लोकांचा "अकाजू" आपल्याकडे काजू होऊन आला. आज तो सिंधुदुर्गाचं पीक आहे आणि नाव परकं आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. बदल्यात फणस ब्राझीलला गेला, तिथे तो "जाका", आणि रिओजवळच्या तिजुकाच्या जंगलात इतका माजलाय की तिथले लोक त्याला उपरा म्हणून वैतागतात. आपण त्यांचा काजू घेतला, त्यांनी आपला फणस घेतला. नाव मात्र केरळचं गेलं.

एका शब्दाने काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, जगाने जॅक म्हटलं, आपण फणस म्हणतो. बिघडलं काय? मलाही बरेच दिवस असंच वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी मे महिन्यात वालावलला होतो. घराच्या मागच्या पडवीचं छप्पर बदलायचं होतं, पैसे हवे होते. लाकडाचा एक व्यापारी फणसाची झाडं बघायला आला. फणसाचं लाकूड चांगलंच. पिवळं, टिकाऊ, पूर्वी दारं-खिडक्या याच्याच व्हायच्या. दक्षिणेतला मृदंग आणि वीणा याच लाकडाची. व्यापाऱ्याने टेप काढली, बुंध्याचा घेर मोजला आणि वहीत चार आकडे लिहिले. घनफूट. त्याच्या वहीत चार झाडं म्हणजे चार आकडे.

काकी त्याच्यामागून फिरत होती. पहिल्या झाडाशी थांबली. "ह्यो बांयवरचो कापो. ह्येका हात लावूचो नाय." (बांय म्हणजे विहीर.) दुसरं झाड, "ह्यो वहाळाकडचो बरको. साठां ह्येचीच घालतंव आमी." साठां म्हणजे फणसपोळी, आणि ती रसाळ बरक्याचीच चांगली होते. तिसरा "भाजयेचो", त्याचे पिकलेले गरे कोणी खात नाही, पण कोवळेपणी काढलेली कुयरी भाजीला एक नंबर. व्यापारी हसून म्हणाला, "काकीनू, मगे इकतास खंयचो तां तरी सांगा."

चौथ्यापाशी काकी गप्प झाली. वाडीच्या टोकाला, सासऱ्यांच्या वडलांनी लावलेलं झाड. कापा की बरका, कशाचा, कोणाला नीटसं आठवेना. गेली कैक वर्षं तिकडचे फणस कोणी काढायलाच जात नव्हतं. पडायचे, कुजायचे, गुरं खायची.

ते झाड गेलं. छप्पर झालं. त्यात कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही, पैसे खरंच हवे होते. पण चारांपैकी नेमकं तेच का गेलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या तिघांना नावं होती ती वाचली. जे नुसतं "फणस" उरलं होतं, त्याचे घनफूट झाले.

गरा, आठळी, चारखंड, चीक, कुयरी, कापा, बरका, सांदण, साठ. एका फळाचे हे शब्द आहेत, आणि प्रत्येकात एक सूचना भरलेली आहे: कधी काढायचा, काय फेकायचं, काय गुरांना घालायचं, कशाचं काय करायचं. हे डॉक्युमेंटेशन आहे हो, दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. आज शहरातल्या मॉलमधे "यंग जॅकफ्रूट" असं लिहिलेली पाकिटं मिळतात. मांसाला पर्याय म्हणून परदेशात त्याचं भलतंच कौतुक चाललंय. त्या दोन शब्दांच्या जागी आपल्याकडे एक शब्द होता, कुयरी. पाकिटावर तो नाही, आणि पाकीट घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही तो बहुतेक ठाऊक नाही.

केरळने २०१८ मधे चक्काला राज्याचं फळ म्हणून जाहीर केलं. बांगलादेशाचं तर कांठाल हे राष्ट्रीय फळच. आपल्याकडेही काम होतंय, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने "कोकण प्रॉलिफिक" ही कापा फणसाची जात काढली आहे. पण सरकार आणि विद्यापीठ एका मर्यादेपर्यंतच जॅक लावू शकतात. चौदाव्या शतकात ते काम मिऱ्यांच्या बाजाराने केलं. आज तो बाजार म्हणजे बराचसा तुम्ही आणि मी, महिन्याचा पगार खर्च करणारे.

तेव्हा येत्या मोसमात मंडईत फणस दिसला की एवढंच करा. नुसता भाव विचारू नका. आधी विचारा, "कापा की बरका?" विकणाऱ्याचा चेहरा बघा. माहीत असेल तर तो दहा मिनिटं बोलेल, आणि नसेल तर पुढच्या वेळी माहिती काढून ठेवेल.